मागे येणारा बॉल

कुबलकाका मशीनमधली घाण चाखून बघायचे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगितलं तर तुम्हाला वाटेल, ही बाई इतका वेळ लपवत होती. करंगळीच्या टोकावर काळं, चिकट असं काहीतरी घ्यायचे, नाकाशी न्यायचे आणि मग जिभेला लावायचे. क्षणभर डोळे मिटायचे. बाजूच्या फडक्यात थुंकायचे आणि सांगायचे, "आंब्याचा ज्यूस. बाटलीतला. आठवडा झाला."

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोकरीला लागून मला दोनच दिवस झाले होते आणि हातात चहा होता. तो मी तसाच बेसिनमध्ये ओतला.

मुलुंडच्या एका मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचा गेम झोन होता. मी तिथली फ्लोअर सुपरवायझर आणि कुबलकाका मेंटेनन्सला. मी पार्ल्याची. आमच्या घरी बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय कोणी पलंगाला टेकत नाही आणि दुसऱ्याच्या रुमालाला हात लावत नाही. बाहेरून बघणाऱ्याला गेम झोनचे रंगीत दिवे दिसतात. मला मात्र दिसायचे ते बटणांवरचे चिकट थर, स्टिअरिंगला पुसलेला शेंबूड आणि सीटच्या फटीत चिकटवलेलं च्युइंगम. पैसेवाल्यांची पोरं इतकी घाण करू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. ती घाण करत असताना त्यांच्या आया शेजारी उभ्या राहून व्हिडिओ काढतात, हेही तिथेच कळलं.

त्या सगळ्या घाणीत कुबलकाका सुखाने राहत. साठीला टेकलेले, बुटके, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशात तीन स्क्रू-ड्रायव्हर आणि मशेरीची डबी. वडील परळच्या गिरणीत फिटर होते, हे स्वतःबद्दल ते सांगत तेवढंच. भांडुपला राहायचे. जेवणाची सुट्टी झाली की वायर कापायच्या कटरने नखं कापायचे आणि त्याच टेबलावर डबा उघडायचे. डब्यात सुक्या बांगड्याची किसमूर. टॉयलेटच्या भिंतीला लागून असलेली, बिनखिडकीची ती वर्कशॉपची खोली, त्यात ग्रीस, सोल्डरचा धूर आणि सुका बांगडा. मी दारातूनच बोलायचे, तेसुद्धा तोंडाने श्वास घेत.

"आत ये गो बाय," ते म्हणायचे. चारचौघांत मी मॅडम होते, वर्कशॉपच्या दारात गो बाय. "वासानं कोण मरत नाय."

वर्कशॉपच्या फळीवर लोणच्याची एक भरणी होती. मशिनांच्या पोटातून जे निघेल ते त्यात जायचं. केसांच्या पिना, तुटलेली नखं, दुधाचा एक दात, कोणाच्या तरी जखमेवरची पट्टी.

"हे कशाला ठेवलंय काका?"

"कोण मागायला आला तर?"

"जखमेची पट्टी कोण मागायला येणार आहे?"

"तां पण खरां," म्हणाले आणि पट्टी फेकायचं सोडून झाकण घट्ट लावलं. पण त्यानंतर एक बाई खरोखरच आली, दोन महिन्यांपूर्वी हरवलेलं कानातलं विचारत. काकांनी भरणी टेबलावर उपडी केली, बोटाने ढीग चिवडला आणि कानातलं काढून दिलं. बाईने ते टिश्यूपेपरात धरलं आणि थँक यू म्हणतानासुद्धा श्वास रोखला होता. मला तिचं पूर्ण पटलं.

एकदा वाढदिवसाच्या पार्टीतला एक मुलगा डान्सच्या मशीनवर नाचता नाचता ओकला. केक, पावभाजी, कोल्ड्रिंक, सगळं. पाहुणे पळाले, आमचा स्टाफही पळाला. मी ओढणी नाकाला लावली आणि रूम फ्रेशनरची अख्खी बाटली त्यावर रिकामी केली. काका बादली घेऊन आले ते ओरडतच.

"वास मारू नको, घाण काढ! आता बघ, गुलाबाची ओकारी झाली!"

मग त्यांनी मशीनच्या पाट्या एकेक करून उचकटल्या आणि खालच्या फटी टूथब्रशने घासत तासभर बसले. काम झाल्यावर म्हणाले, "वरून पुसलेलं मला समजतं हां. मी आतून बघतो." मला त्यांचा भयंकर राग आला, कारण ते बरोबर होते.

पिनबॉल हे आमच्या झोनमधलं एकच खरं मशीन आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. बाकी सगळे टीव्ही. टीव्ही बिघडला की त्या त्या कंपनीचा माणूस येऊन आतलं कार्ड बदलून जायचा. कागदावर काकांकडे पिनबॉलची देखभाल होती आणि सगळ्या मशिनांची साफसफाई. पिनबॉल म्हणजे काचेखाली उतरतं टेबल. उजव्या हाताला एक मूठ असते. ती ओढून सोडली की स्प्रिंगच्या जोरावर आतला दांडा, काकांच्या भाषेत दट्ट्या, लोखंडी बॉलला ठोसा देतो. बॉल कडेच्या अरुंद गल्लीतून वर जातो आणि टेबलावर पडतो. पुढचा खेळ बॉल खाली पडू न देण्याचा. काका हा खेळ कधीच खेळले नाहीत. रोज सकाळी फक्त एक बॉल वर सोडायचे, तो दिवे लावत, घंट्या वाजवत खाली येऊन भोकात पडेपर्यंत हात मागे बांधून बघायचे आणि निघून जायचे.

"खेळत का नाही?" मी विचारलं होतं.

"वर गेला ना? माझं काम तेवढंच. खाली काय, सगळेच येतात."

आमचे मॅनेजर पंकजसर. अंगाला इतकं अत्तर लावायचे की ते लिफ्टमधून उतरून गेल्यावरही लिफ्टमध्ये असायचे. त्यांना पिनबॉलच्या कोपऱ्यात सेल्फी बूथ हवा होता. "वो डब्बा निकलेगा तो कुबल भी निकलेगा," हे ते काकांच्या देखत हसून म्हणायचे. काका ऐकू न आल्यासारखं करायचे.

आता दसऱ्याचं सांगते. हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आले.

दसऱ्याला काका पिनबॉलची पूजा स्वतः करायचे. कोरड्या फडक्याने पुसायचं आणि वरच्या लाकडावर एक झेंडूचं फूल ठेवायचं. हळद नाही, कुंकू नाही, नारळ तर नाहीच. "हलणाऱ्या भागाला काय लावायचं नाय," हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. त्या वर्षी मात्र गावच्या देवळात दसऱ्याच्या पूजेची पाळी त्यांच्या घराकडे होती, म्हणून ते पंधरा दिवस गावी गेले होते. जाताना मला बजावून गेले, "फूल ठेव फक्त."

पंकजसरांना हेड ऑफिसला पाठवायला फोटो हवे होते. एका फुलाचा काय फोटो काढणार? मी नवी साडी नेसले होते. प्रत्येक मशीनला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. पिनबॉलपाशी पंकजसर म्हणाले, "मॅडम, इसका मुँह कहाँ है? मुँह मीठा कराओ." सगळे हसले. मीही हसले आणि मूठ जिथून आत जाते त्या भोकाशी पेढा दाबला. पंकजसरांनी नारळ फोडून पाणी त्या मुठीवरच ओतलं, आणि मग मुहूर्त म्हणून मूठ ओढून सोडली. दट्ट्या पेढ्यातून बाहेर आला आणि पेढा घेऊन आत गेला. टाळ्या वाजल्या. नंतर मी बाहेरून सगळं सुवासिक लिक्विडने पुसून चकाचक केलं.

काका परत आले तेव्हा मशीन बिघडलेलं होतं. बॉल गल्लीतून पाऊण वाट वर जायचा, घुटमळायचा आणि घरंगळत मागे यायचा. दिवाळीची सुट्टी तोंडावर. पोरं मूठ ओढून ओढून कंटाळायची आणि मशीनला लाथ मारून जायची. पंकजसरांना आयतं कारण मिळालं. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सॅटर्डे को हेड ऑफिसवाले आ रहे हैं. बॉल ऊपर गया तो मशीन भी रहेगा, कुबल भी रहेगा. नहीं गया तो दोनों की छुट्टी."

काका म्हणाले, "जाईल."

त्यांनी बुधवारी सुरुवात केली. काचेवर पाणसळ ठेवून मशीनचे चारही पाय तपासले. मशीन कुठल्याही बाजूला कललेलं नव्हतं. मग बॉल टाचणीजवळ धरला. बॉलमध्ये चुंबक भरलं तर तो लोखंडाला ओढला जातो आणि त्याचा वेग मरतो, म्हणे. टाचणी हलली नाही. दट्ट्याच्या टोकाची रबरी टोपी झिजली होती, ती बदलली. बॉल वीतभर जास्त वर गेला आणि मागे आला.

गुरुवारी स्प्रिंग बदलली. तोच प्रकार. दट्ट्या बॉलच्या बरोबर मध्यावर लागतो की नाही हे बघायला बॉलला खडू फासला आणि टोपीवरचा पांढरा ठिपका भिंगाने पाहिला. ठिपका मधोमध होता. गल्लीच्या वरच्या तोंडाशी एक तारेची फडकी असते, बॉलला आत सोडते पण परत येऊ देत नाही. ती अडकते की काय म्हणून काढून ठेवली. बॉल तिथपर्यंतही पोचला नाही. मुठीभोवतीची जागा त्यांनी भिंगातून पाहिली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथं साफ आहे." साफ असणारच. मी पुसलं होतं.

मी तिथेच उभी होते. खरं सांगायचं तर तेव्हा मला काही सुचलं नव्हतं. पेढा मी विसरूनच गेले होते.

शुक्रवारी काका एसी सुरू व्हायच्या आधी येऊन बसले. एका पुठ्ठ्यावर रेघा मारत होते. प्रत्येक बॉल कुठपर्यंत गेला त्याची खूण. दुपारी मला बोलावलं.

"हे बघ. सकाळी एसी बंद, हवा दमट, तेव्हा बॉल अर्ध्यातून मागे येतो. दुपारी एसीत हवा सुकली की बरा चालतो. म्हणजे स्प्रिंगची चूक नाय. दट्ट्याला कोणतरी आत धरतंय. दमट हवेत काय पाघळतं गो?"

"काय?"

"साखर."

तेव्हा मला आठवलं.

त्यांनी मशीनचं पुढचं दार उघडलं, आत डोकं घातलं, बोल्ट काढले आणि दट्ट्याची अख्खी नळी बाहेर ओढून वर्तमानपत्रावर ठेवली. आधी मुंग्या निघाल्या. मग एक वास आला. नासलेल्या खोबऱ्याचा, आंबलेल्या दुधाचा आणि झुरळांचा. काकांनी काडीने नळी कोरली तसा आतून काळा-तपकिरी गोळा बाहेर आला. त्यावर पांढरी बुरशी, मुंग्यांची मेलेली अंगं, झुरळाची अंडी आणि मध्ये मध्ये लाल झालेले तांदळाचे दाणे. काकांनी करंगळी पुढे केली.

"काका, नको ना!"

त्यांनी जिभेला लावलंच. थुंकले. "पेढो," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणी भरवल्यान?"

"काय माहीत," मी म्हटलं. "पोरं काहीही कोंबतात."

त्यांनी काडीने एक लाल दाणा बाजूला सारला. "पोरां कुंकू लावून पेढो खातत काय गो?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी कामाला हात घातला. नळी घासली, स्पिरिटने पुसली, वाळवली, परत बसवली. तेल घातलं नाही. मूठ ओढून सोडली. बॉल सर्रकन वर गेला, फडकी उडवून टेबलावर पडला, दिवे लागले, घंट्या वाजल्या. एकामागून एक वीस बॉल सोडले, एकही मागे आला नाही. मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं आणि त्यांच्यासमोरून पळूनही जावंसं वाटलं. मी दुसरं केलं.

संध्याकाळी पंकजसरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. हेड ऑफिसने लेखी विचारलं होतं, ऐन सीझनमध्ये मशीन इतके दिवस बंद का होतं आणि चूक कोणाची. काकांनी वर्तमानपत्राची पुडी टेबलावर उघडली.

"ये क्या है? छी! हटाओ!" पंकजसरांनी रुमाल नाकाला लावला. पण लाल दाणे त्यांनी पाहिले होते. एकदा माझ्याकडे बघितलं. दसऱ्याचा फोटो त्यांनीच हेड ऑफिसला पाठवला होता. त्यात पेढा भरवणारी मी आणि नारळाचं पाणी ओतणारे ते.

"पूजा का तो लिख नहीं सकते," ते रुमालाआडून म्हणाले. "मॅडम, मशीन की सफाई किसकी जिम्मेदारी है?"

काका माझ्याकडे बघत होते. नुसते बघत होते, रागाने नाही. बिघडलेल्या मशीनसमोर उभे राहून थांबायचे तसे थांबले होते. मला पुरेसा वेळ मिळाला. मी तो वेळ माझ्या नोकरीचा विचार करण्यात घालवला, दोन वर्षांनी मिळणाऱ्या प्रमोशनचा, आणि हो, त्या पुडीतून येणाऱ्या वासाचासुद्धा. तो वास लवकर जावा असं वाटत होतं.

"साफसफाई मेंटेनन्सची जबाबदारी आहे, सर," मी म्हटलं.

कागदावर ते खरं होतं. कागदावर खरं असलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडताना इतकं घाणेरडं लागू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

"बरोबर आहे मॅडमांचं," काका म्हणाले. त्यांनी पुडी नीट बांधली, मागे एक मुंगी टेबलावर राहिली होती तीही उचलली आणि बाहेर गेले. पंकजसरांनी अहवालात मेंटेनन्सचा हलगर्जीपणा असं लिहिलं आणि काकांना सांगायला मलाच पाठवलं की उद्यापासून यायचं नाही. मशीन चालू झालं होतं, आता काका कशाला हवेत? बॉल वर गेला तर कुबल राहील, असं कबूल केलं होतं, याची मी सरांना आठवण करून दिली नाही. वर्कशॉपमध्ये काका हत्यारं पिशवीत भरत होते. मी दारातून निरोप सांगितला. ते "हां" म्हणाले. पुढे मी "काका, मी खरं तर..." असं सुरू केलं.

"एसी सुरू करायच्या आधी रोज एक बॉल सोडायचा," ते मध्येच म्हणाले. "मागे आला तर आतून बघायचं. वरून पुसायचं नाय."

शनिवारी हेड ऑफिसची माणसं आली. पंकजसर आणखी अत्तर लावून आले होते. गर्दी होती, पोरं पिनबॉलपुढे रांग लावून होती. मूठ ओढली जायची, बॉल वर जायचा. हेड ऑफिसच्या साहेबांनी स्वतः तीन डाव खेळून बघितले. "क्या बात है, इसको रखेंगे," असं म्हणाले. पंकजसरांनी माझी पाठ थोपटली. त्यांच्या हाताचा तो स्पर्श मला दिवसभर धुऊन टाकावासा वाटत होता, आणि त्या हाताखालची माझी पाठसुद्धा.

तेव्हा मला खांबापाशी काका दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर नाहीत. तिकीट काढून आत आले होते, सगळे येतात तसे. ते मशीनकडे बघत होते. एक मूल गेलं, दुसरं आलं. बॉल वर, बॉल वर. मागे एकही आला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं की नव्हतं, हे मला इतक्या लांबून कळलं नाही, आणि जवळ जायचं धैर्य होत नव्हतं.

तेवढ्यात एका बाईने फोटो काढायचा म्हणून हातातला कोल्ड्रिंकचा ग्लास पिनबॉलच्या काचेवर, मुठीच्या बाजूला ठेवला. ग्लास गळत होता. तपकिरी ओघळ काचेवरून मुठीकडे निघाला. मी पाहिलं. शेजारी हेड ऑफिसचे साहेब होते, बाई चांगल्या घरची दिसत होती. काही बोलावं की नाही याचा विचार करत मी उभी राहिले.

काका खांबापासून निघाले, गर्दीतून वाट काढत मशीनपाशी आले आणि त्यांनी ग्लास उचलला. स्वतःच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीने ओघळ मुठीपर्यंत पोचायच्या आत पुसून काढला. मग सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि तो गळका ग्लास माझ्या हातात दिला.

"घ्या मॅडम," ते म्हणाले. "आता जबाबदारी तुमची."

माझी बोटं चिकट झाली. मी ग्लास ठेवायला जागा शोधेपर्यंत ते सरकत्या जिन्यावर पोचले होते, बाहीवर तो तपकिरी डाग घेऊन खाली खाली जात होते.